म्हाताऱ्या जनावरांचा डॉक्टर

नीटचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या करिअर मार्गदर्शनाच्या खोलीत खुर्च्या कमी पडतात. गेल्या वर्षी असाच गर्दीचा एक दिवस संपत आला होता, तेव्हा फुलेवाडीचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी गप्प होती. वडील एका दमात बोलले. "सर, मार्क बरे पडल्यात. एमबीबीएसला जरा कमी पडत्यात, पण बीएएमएस, डेंटल कुठं बी मिळंल. आणि ही म्हणती, जनावरांची डॉक्टर व्हायचं. ते बी एक वेळ चालंल, दूध संघात नोकरी तरी लागंल. पण हिला म्हातारी झालेली कुत्री-मांजरं बघायची हाईत. मरायला टेकलेली. आता मरणाऱ्या मांजराला डॉक्टर काय करणार, सांगा तुम्हीच."

मुलीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "पपा, आपल्या मनीचे शेवटचे दोन महिने कसे गेले, ते तुम्हीच बघितलंय की."

वडिलांची मान खाली गेली. मनीची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ती कपाटाखाली जाऊन बसायची, एवढं नंतर कळलं. बाकी त्या दोघांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हा लेख त्या दोघांसाठी आणि त्यांच्यासारख्या घरांसाठी आहे. मरणाऱ्या मांजराला डॉक्टर काय करणार, या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या माहितीपत्रकात मिळालेलं नाही. ते आमच्या घरात मिळालं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे ब्रुनो नावाचा लॅब्राडोर होता. तेराव्या वर्षी त्याचे मागचे पाय ओढले जायला लागले. स्वयंपाकघरातून हाकलला तर उठायचा नाही, आणि आम्हाला वाटायचं, म्हातारपणी हट्टी झालाय. डॉक्टर घरी आले. त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलंच नाही, फरशीकडे पाहिलं. म्हणाले, "याला ही फरशी म्हणजे पावसाळ्यातला पंचगंगेचा घाट आहे. शेवाळावर तुम्ही तरी उठाल का?" त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत जुन्या सतरंज्या आणि रबरी चटया टाकल्या. डॉक्टरांनी त्याची वाढलेली नखं कापली, पंजांच्या गाद्यांमधले केस कातरले. खायचं भांडं पाटावर ठेवायला सांगितलं, म्हणजे मान वाकवावी लागणार नाही. रक्त तपासून मूत्रपिंड-यकृत ठीक आहे ना हे पाहिलं आणि मगच दुखणं कमी करणारी गोळी सुरू केली. उठवताना पोटाखालून टॉवेलची झोळी कशी घ्यायची, हे माझ्या आईला दाखवलं. आईचं वय तेव्हा सत्तर. दुसऱ्या दिवशी ब्रुनो स्वतः उठून दारात जाऊन बसला. हट्टी कधीच नव्हता तो. त्याला दुखत होतं.

पुढचे सात महिने डॉक्टर दर पंधरवड्याला येत राहिले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी आम्हाला एक काम लावून दिलं. रोज रात्री निजताना त्या तारखेवर खूण करायची. दिवस बरा गेला तर टिंब, वाईट गेला तर फुली. सुरुवातीला पानभर टिंबंच होती. मग आठवड्यात एखादी फुली यायला लागली. नंतर एका महिन्याचं पान उलटताना आईचा हात थांबला, कारण त्या पानावर फुल्या जास्त होत्या. कुणी काही बोललं नाही, पण त्या क्षणी घरातल्या पाचही जणांना एकच गोष्ट समजली होती. डॉक्टरांनी ती आम्हाला न सांगता दाखवली होती.

ही खूण करायची पद्धत त्यांच्या मनची नव्हती. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य. त्यांनी 2004 साली आजारी जनावराचं जगणं कसं चाललंय हे मोजायचं एक कोष्टक मांडलं. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. आमची टिंबं-फुल्या यातल्या शेवटच्या गोष्टीची. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज आली तर जनावराचं जगणं अजून जगण्यासारखं आहे, असं धरायचं. जगभरचे पशुवैद्य हे वापरतात. 2009 पासून प्राण्यांच्या हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअरसाठी आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा, आणि पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नाही हे मान्य करून त्रास कमी करायचे उपचार. कोल्हापुरातली माणसं आजी-आजोबांच्या बाबतीत हे करतातच. त्याचं शास्त्र जनावरांसाठीही तयार झालं आहे, एवढंच.

शेवटच्या दिवसाविषयीही सांगायला हवं, कारण ज्या मुलामुलींना हे काम करायचं आहे त्यांनी ते आधीच वाचलेलं बरं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. आधी गुंगीचं इंजेक्शन, दहा-पंधरा मिनिटांत तो गाढ झोपेल. मग शिरेतून भुलीचं औषध, प्रमाणाबाहेर. डोळे मिटणार नाहीत, उघडेच राहतील. सगळं संपल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखं दिसेल, पण ती स्नायूंची हालचाल असते, तो परत आलेला नसतो. लघवी होईल, म्हणून खाली जुनी चादर घाला. आणि फी आजच देऊन ठेवा, उद्या कुणी पाकीट उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी तो श्वास खरोखर आला. आईनं माझा दंड घट्ट धरला आणि सोडला. आधी सांगितलं नसतं तर त्या एका श्वासानं तिला जन्मभर छळलं असतं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ बसले, लागत होता त्याहून जास्त वेळ, आणि मग फक्त मान हलवली.

आता हिशेब करा. त्या सात महिन्यांत डॉक्टरांनी औषध कितीसं दिलं? थोडंच. बाकी सगळा वेळ ते माणसांशी बोलत होते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एकच प्रश्न आधी विचारतो. "मला प्राणी फार आवडतात" हे सगळेच सांगतात. रडणाऱ्या माणसासमोर तुला शांत बसता येतं का? या क्षेत्रात प्राण्यांवरचं प्रेम पहिल्या वर्षापुरतं पुरतं. पुढं तीस वर्षं लागते ती माणसांना धीर देण्याची ताकद.

'होलिस्टिक' म्हणजे नक्की काय

हा शब्द हल्ली फार ऐकू येतो आणि आपल्याकडे त्याचा अर्थ 'केमिकल नसलेलं' असा घेतला जातो. त्या अर्थानं मी तो वापरत नाही. ज्या डॉक्टरांनी आधी फरशी पाहिली, ते होलिस्टिक डॉक्टर. जनावराचं वजन, खाणं, दुखणं, भीती, घरातला जिना, मालकाची कंबर आणि मालकाचा खिसा हे सगळं एकत्र पाहणं म्हणजे समग्र उपचार. त्यात फिजिओथेरपी येते, पाण्यात चालवण्याचे व्यायाम येतात, सुयांचं ॲक्युपंक्चर येतं. पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरची आंतरराष्ट्रीय संस्था 1974 पासून आहे आणि ती प्रशिक्षण देते ते पशुवैद्यांनाच. आधी पदवी, मग सुया. उलट्या क्रमानं जाणारी दोन-तीन मुलं मला भेटली आहेत. सहा महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेऊन ती 'पेट थेरपिस्ट' झाली आणि आता अडकली आहेत, कारण निदान करायचा आणि औषध लिहायचा अधिकार त्यांना नाही. पालकांनो, असल्या कोर्सला पैसे भरू नका.

देशी औषधांचं म्हणाल तर आपल्या भागाला ती नवी नाहीत. शालिहोत्रापासून पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदापर्यंत घोड्या-हत्तींच्या वैद्यकाची परंपरा आहे. पण परंपरा आहे म्हणून औषध लागू पडतं असं होत नाही. ते मोजावं लागतं. चांगलं उदाहरण कासदाहाचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडची दगडी. राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानं यासाठी जो पारंपरिक लेप गावोगावी पोहोचवला, त्यात कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे. कास धुऊन दिवसातून अनेक वेळा लावायचा. मूठभर हे आणि चिमूटभर ते, असा कारभार नाही. लेप लावून गायीला बरं वाटलं तर प्रतिजैविकांची सुई वाचते, आणि नाही वाटलं तर कधी थांबायचं हे पशुवैद्याला कळतं. हे कळणं म्हणजेच शिक्षण.

न कळण्याची किंमत मोठी असते. आपल्याकडे रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा उरला की भाकरी कुस्करून कुत्र्याला घालतात, आणि ते मायेनंच घालतात. पण कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवलेल्या नळीचं हाड चावल्यावर अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडं फाटू शकतं. बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला दिली तर ते मरू शकतं. 'नैसर्गिक' आणि 'घरगुती' या दोन शब्दांवर विश्वास ठेवून किती जनावरं दगावतात, हे दवाखान्यात बसल्यावर कळतं.

औषधाचं काम जनावराच्या मरणापाशीही संपत नाही. गुराढोरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे, ती गुरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि आपल्या डोळ्यांदेखत आकाशातली गिधाडं जवळजवळ संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सोसतं. दयामरणाच्या औषधाचंही तसंच, ते मृत शरीरात राहतं. म्हणून शेताच्या बांधावर खड्डा किती खोल खणायचा, हे सांगणं डॉक्टरचं काम आहे. मुंबईत मालाडला पालिकेनं 2023 मध्ये पाळीव प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला मात्र रात्री अकरा वाजता मेलेलं मांजर कुठं न्यायचं हा प्रश्न पडतो, आणि तो पहिला फोन डॉक्टरला करतो.

कोल्हापुरात याची गरज आहे का

"हे सगळं पुण्या-मुंबईचं," असं त्या मुलीचे वडील म्हणाले होते. मी त्यांना नांदणीची आठवण करून दिली. 2025च्या जुलैमध्ये शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, जिला सगळे माधुरी म्हणतात, उच्च न्यायालयाच्या आदेशानं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या शिक्कामोर्तबानं जामनगरला वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात गेली. त्या रात्री रस्त्यावर उतरलेली माणसं आठवा. बायका पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. कुणाची बाजू बरोबर हा वाद इथं नको. पण न्यायालयात चर्चा झाली ती तिच्या सांध्यांची, पायांची आणि नखांची. तीन दशकं एका गावानं जिच्यावर जीव लावला, तिच्या उतरत्या वयाच्या दुखण्यांसाठी जवळ कोण तज्ज्ञ होतं, हा प्रश्न मला त्या दिवसांत सारखा टोचत होता. जीव लावणारे लाखभर होते. सांधे बघणारे हवे होते.

हा जिल्हा जनावरांवर जगतो. बेंदराला बैलांच्या शिंगांना रंग लावतो, दिवाळीच्या पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून मिरवतात, गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधासाठी रांग लागते. शेतकऱ्याच्या घरात म्हातारा बैल दावणीलाच मरू द्यायची रीत आहे, आणि 2015 मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून गोशाळा आणि पांजरपोळांत थकलेल्या जनावरांची संख्या वाढली. पांजरपोळ ही आपली जुनी हॉस्पिसच आहे. तिथं चारा-पाणी मिळतं. सांधेदुखी, खुरांचे आजार, बसून पडलेल्या जनावराच्या अंगावरच्या जखमा यांवर नियमित इलाज करणारा प्रशिक्षित माणूस प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. मुलांनो, या कामाकडे 'श्रीमंतांच्या लाडक्या कुत्र्यांचं काम' म्हणून पाहू नका.

आणखी एक गोष्ट इथलीच. बाहुबली-कुंभोजच्या पंचक्रोशीत आणि शहरातही जैन घरं पुष्कळ, माळकरी घरंही पुष्कळ. यांतल्या अनेकांना इंजेक्शन देऊन जनावराचा जीव घेणं मनाला पटत नाही. अशा घरात डॉक्टरनं वाद घालायचा नसतो. दुखणं कमी ठेवून, अंग कोरडं ठेवून, दर तीन-चार तासांनी कूस बदलून, तोंड ओलं करून नैसर्गिक मरणापर्यंत सोबत करता येते, आणि ते इंजेक्शनपेक्षा जास्त कौशल्याचं काम आहे. उलट, कंटाळा आला म्हणून धडधाकट म्हाताऱ्या कुत्र्याला "इंजेक्शन देऊन टाका" म्हणणारेही येतात. त्यांना नाही म्हणायचं धैर्य लागतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जिवंत ठेवणं हीच क्रूरता ठरेल अशा जनावराला वेदनेतून सोडवण्याची तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत 2023चे प्रजनन नियंत्रण नियम आहेत. असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्यालाच दयामरण द्यायचं, ते पात्र पशुवैद्यानंच द्यायचं, आणि एका कुत्र्याच्या देखत दुसऱ्याला द्यायचं नाही. सरकारी नियमांच्या कोरड्या भाषेत हे शेवटचं वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो होतो.

रस्ता कुठून जातो

या कामाची वेगळी पदवी आपल्याकडे नाही. आधी पूर्ण पशुवैद्य व्हायचं. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या वर्गाला त्यांत मिळून निम्मे गुण हवेत, आणि प्रवेश नीटच्या गुणांवर. महाराष्ट्रात ही महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. परळचं 1886चं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सगळ्यांत जुनं, मग नागपूर, परभणी, उदगीर आणि आपल्या जवळचं शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय. अलीकडे यात भर पडते आहे, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक पाहूनच पसंतीक्रम भरा.

इथं दरवर्षी एक घोटाळा होतो. नीट दिली म्हणजे सगळीकडे अर्ज गेला, असं पालक धरून चालतात. तसं नाही. राज्याच्या जागांसाठी विद्यापीठाचा अर्ज वेगळा, देशपातळीवरच्या पंधरा टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेची प्रक्रिया वेगळी, आणि दोन्हींच्या तारखा एमबीबीएसच्या फेऱ्यांशी जुळत नाहीत. एमबीबीएसच्या यादीकडे डोळे लावून बसलेल्या घरातून ही तारीख निसटते. निकालाच्या आठवड्यातच दोन्ही अर्ज भरून मोकळे व्हा.

पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही, 1984चा कायदा तसं सांगतो. पदविका अभ्यासक्रमातून दुग्धव्यवसायाची कामं मिळतात, पण पदविकाधारकाला फक्त किरकोळ सेवा आणि त्याही देखरेखीखाली देता येतात. पदविका करून पुढं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढू, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

वृद्ध प्राण्यांचंच काम करायचं असेल तर दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. मेडिसीन किंवा सर्जरी अँड रेडिऑलॉजी या विषयात करावं असं माझं मत आहे. वेदना कुठून येते हे क्ष-किरणावर आणि सोनोग्राफीत वाचता आलं पाहिजे. परळच्या महाविद्यालयाला लागूनच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं, तिथं जेवढ्या तऱ्हेचे रुग्ण दिसतात तेवढे क्वचितच कुठं दिसतील. महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. अशा ठिकाणी पदवीनंतर एक-दोन वर्षं पगाराकडे न बघता काढावीत.

पैशाचं बोलतो, कारण वडिलांचा खरा प्रश्न तोच होता. फक्त म्हाताऱ्या आणि मरणासन्न प्राण्यांवर कोल्हापुरात आज दवाखाना चालणार नाही. लसीकरण, नसबंदी, त्वचारोग, बाळंतपणं यांवर दवाखान्याचं भाडं निघतं, आणि घरी जाऊन करायची वृद्धसेवा त्याच्या जोडीला वाढत जाते. पाच-सात वर्षांत नागाळा पार्क, ताराबाई पार्क, कळंब्याकडची वस्ती अशा भागांतून नाव झालं की लोक स्वतः फोन करतात, कारण ज्या डॉक्टरनं घरातल्या कुत्र्याला नीट निरोप दिला त्याला ते घर विसरत नाही. पुढचं पिल्लूही त्याच्याकडेच येतं. आणि ज्यांना मुलगी पगारदार हवी, त्यांच्यासाठी पशुधन विकास अधिकाऱ्याची गट-अची नोकरी आहे. 2025 मध्ये लोकसेवा आयोगानं या पदाच्या 2795 जागांची जाहिरात काढली होती. दूध संघ आहेत, औषध कंपन्या आहेत, लष्कराची रिमाउंट व्हेटर्नरी कोअर आहे. पदवी वाया जाणारी नाही. एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

जे कुणी सांगत नाही

माणसांच्या डॉक्टरला आयुष्यात जे करावं लागत नाही, ते पशुवैद्याला आठवड्यात दोनदा करावं लागू शकतं. सकाळी पिल्लाला लस, दुपारी चौदा वर्षांच्या कुत्र्याला निरोप, आणि लगेच पुढच्या टेबलावर हसून बोलायचं. हे आत साठत जातं. ब्रिटनमधल्या अभ्यासांत पशुवैद्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या तीन ते चार पट आढळलं आहे. हे लिहिताना मी दोनदा थांबलो, पण पालकांपासून ते लपवणं मला बरोबर वाटत नाही. त्यावर उपायही आहेत. एकट्यानं दवाखाना न चालवता दोघांनी मिळून चालवावा. दयामरणाच्या दिवशी पुढची वेळ कुणाला देऊ नये. ज्येष्ठ डॉक्टरांशी बोलत राहावं, आणि मन जड होऊन उतरेना तर 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करायला किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नये. आणि पालकांनो, मुलगी संध्याकाळी घरी येऊन गप्प बसली तर "कुत्रंच तर होतं" असं म्हणू नका. तिच्यासोबत नुसतं जेवायला बसा.

चावण्याची भीतीही असते. रेबीजची प्रतिबंधक लस विद्यार्थिदशेतच घ्यायची, तिची नोंद ठेवायची. याबाबतीत आळस चालत नाही.

मग मुलीला हे झेपेल का, हे ओळखायचं कसं? कल चाचणीच्या छापील कागदावर माझा फारसा भरवसा नाही. मी त्या मुलीला ओळखीच्या एका दवाखान्यात आठवडाभर पाठवलं. वडिलांना सांगितलं, या आठवड्यात तिला काही विचारू नका.

पहिल्याच दिवशी तिथं एक मांजर सलाइनवर होतं. मनीसारखंच, मूत्रपिंडाचं. स्टँड दुसऱ्या टेबलाला लावलेला, म्हणून डॉक्टरांनी बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाले, धर. तिनं ती दीड तास धरली. हात बदलत, भिंतीला टेकत. मांजराच्या मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. त्या सारखं एकच विचारत होत्या, बरं होईल ना? मुलीनं उत्तर दिलं नाही. त्यांना बसायला स्टूल सरकवून दिलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. हे मला डॉक्टरांनी सांगितलं, तिनं नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती.

त्या आठवड्याच्या शेवटी रात्री नऊला वडिलांचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलले, पावसाचं बोलले. मग म्हणाले, "सर, ते शिरवळला पोरींचं हॉस्टेल कसं हाय ओ? आणि एसटी थेट जाती, का साताऱ्याला बदलायला लागती?"